फवारणीचा पंप धुतलेलं पाणी उन्हात साफ करणारा ट्रे: दोन हंगाम वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, हा पिण्याच्या पाण्याचा फिल्टर नाही. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच जणींनी विचारलं की काय गं, तो कडुनिंबाच्या नॅनोवाला ट्रे घेतलास ना, आमच्या बोरिंगच्या पाण्यासाठी चालेल का, तर त्या सगळ्यांना एकच उत्तर, नका घेऊ. पण घरची शेती असेल, फवारणी होत असेल आणि पंप विहिरीजवळ धुतला जात असेल (आणि तो तिथेच धुतला जातो, पाणी तिथेच असतं ना) तर पुढचं सगळं नीट वाचा. त्या कामासाठी मला हा ट्रे पटलाय. तक्रारी आहेत, त्या पण लिहिते. म्हणूनच बनवणाऱ्यांचं नाव लिहीत नाहीये, सांवेर रोडच्या बाजूला दोन भावांचं छोटं वर्कशॉप आहे एवढंच सांगते.

आम्ही राहतो इंदूरला सुदामानगरात, शेती सासरची, सांवेर तहसीलमध्ये. पावसाळ्यात सोयाबीन, मग चणा, गहू आणि थोडा लसूण. शहरात आपण जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी पितो, पण शेतावर राहणारे आमचे दादा, वहिनी आणि त्यांची दोन पोरं विहिरीचंच पाणी पितात, आणि थंडीत आम्ही सगळे दाल-बाफल्यांना जातो तेव्हा आम्हीही तेच पितो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी हौदापाशी भांडी घासायला बसले होते आणि दादा फवारणी संपवून पंप धूत होते. पंपातून दुधासारखं पांढरं पाणी निघालं, वास तो ओळखीचा, नाकात बसणारा, आणि ते पाणी वाहत वाहत जमिनीच्या भेगेत गेलं. आपली काळी माती सुकली की कशी फाटते माहितीये, हात आत जाईल एवढी भेग. ते पाणी मातीवर पसरलं नाही, मुरलं पण नाही, सरळ आत उतरलं, आणि तिथून विहिरीचा काठ वीस पावलांवर. मी म्हटलं दादा हे काय, तर ते म्हणाले, "बाई साब, इतना सा तो पानी है."

ते "इतना सा" किती हे नंतर भाच्याने हिशोब करून दाखवलं (तो देवी अहिल्या विश्वविद्यालयात केमिस्ट्रीत एमएस्सी करतोय), तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक, त्याचं २० ईसी (पाण्यात टाकलं की दुधाळ होणारी पातळ दवाई) म्हणजे साधारण एक मिलीलिटरमध्ये २०० मिलीग्रॅम विष. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे आयएस १०५००, त्यात क्लोरपायरीफॉसची मर्यादा आहे लिटरला ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक मिली दवाई, बाटलीच्या झाकणाच्या तळाला राहते तेवढी, ती साडेसहा हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. पाण्याचा अख्खा टँकर आणि वर अजून थोडं. आणि दुसऱ्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉसची मर्यादा तर १ मायक्रोग्रॅम, एंडोसल्फानची ०.४, त्यावर २०११ साली सुप्रीम कोर्टाने बंदी आणली ते तुम्हाला आठवत असेल.

तर ट्रे. तीन फूट बाय दोन फूट, लोखंडी अँगलच्या स्टँडवर थोडा तिरका बसवलेला, आत चोवीस टाइल्स, सहा-सहा इंचाच्या. बाथरूमच्या भिंतीला लावतात त्याच साध्या टाइल्स, पण उलट्या घातलेल्या, म्हणजे खरबरीत बाजू वर, आणि त्या खरबरीत बाजूवर झिंक ऑक्साइडच्या नॅनो पावडरचा थर भाजून बसवलाय. खाली वीस लिटरचा कॅन, त्यात छोटी मोटर, ती बाजूच्या सोलर पॅनेलवर चालते, पाणी वर चढवते, ते टाइल्सवरून पातळ चादरीसारखं उतरतं आणि परत कॅनमध्ये येतं. ऊन असेल तोपर्यंत हे फिरत राहतं, बटण नाही काही नाही, ढग आला की मोटर आपली आपण मंदावते आणि ऊन आलं की परत सुरू.

हिरवी पद्धत, हिरवी पद्धत म्हणतात ती काय ते बघायला मी मुद्दाम वर्कशॉपमध्ये गेले. मोठ्या पातेल्यात कडुनिंबाची पानं उकळत होती, सगळीकडे तो कडू काढ्याचा वास, आमची आजी गोवराच्या वेळी अंघोळीच्या पाण्यात घालायची तोच. काढा गाळून घेतात, त्यात झिंकचं क्षार विरघळवतात, गरम करत ढवळत राहतात, मग हळूहळू गढूळ होतं, खाली साका बसतो, तो धुऊन वाळवून भट्टीत चारशे-पाचशे डिग्रीला भाजला की पांढरट पावडर. पानांतली पॉलिफेनॉल, फ्लेवोनॉइड अशी द्रव्यं त्या बारीक कणांना धरून ठेवतात, एकमेकांना चिकटून गोळा होऊ देत नाहीत, म्हणून कण १०० नॅनोमीटरच्या आत राहतात. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. एरवी हे काम करायला जी तिखट रसायनं लागतात ती वाचतात, हा फायदा खरा. पण झिंक शेवटी झिंकच आहे आणि भट्टी विजेवरच चालते, त्यामुळे "संपूर्ण नैसर्गिक" असं जे त्यांच्या कागदावर छापलंय ते मला पटलं नाही, त्यांना तोंडावर सांगून आले. शिवाय पानं उन्हाळ्यातली वेगळी, पावसाळ्यातली वेगळी, काढा रोज सारखा येत नाही, मोठ्या भावाने स्वतः कबूल केलं की घाणा बदलला की माल थोडा बदलतो.

आता हे चालतं कसं. सूर्याच्या प्रकाशातला अतिनील भाग, तो सगळा मिळून चार-पाच टक्केच असतो, तो झिंक ऑक्साइडवर पडला की त्याच्या आतला इलेक्ट्रॉन उडून वर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. ती जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेते आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, जो क्षणभरच जगतो पण जे सापडेल ते तोडतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून पाणी साचून न ठेवता खेळतं ठेवायचं. कीटकनाशकाचा रेणू तुटत तुटत शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्लोराइड, फॉस्फेट, नायट्रेट असे साधे क्षार उरावेत अशी अपेक्षा. ही विद्या काही काल-परवाची नाही, जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडून दाखवलं तिथून हे सगळं सुरू झालं. आणि स्पेनमध्ये अल्मेरियाकडे, जिथे मैलोन्‌मैल प्लास्टिकखाली भाजीपाला पिकवतात, तिथे दवाईच्या रिकाम्या बाटल्या धुतलेलं पाणी उन्हानेच साफ करायचं काम झालेलं आहे, म्हणजे पंप धुतलेल्या पाण्याची कल्पना पण आमची नवी नाही.

पहिली मोठी तक्रार झाकणाची. ट्रे आला तेव्हा वर छान पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शीट होती, पक्षी आणि धूळ पडू नये म्हणून. महिनाभर आम्ही तसाच वापरला. भाचा आला, त्याने शीटवर बोट ठेवलं आणि विचारलं मामी हे काय लावलंय. पॉलिकार्बोनेट डोळ्याला आरपार दिसतं पण अतिनील किरण जवळपास सगळे अडवतं, गच्चीवरच्या शेडला म्हणूनच ते लावतात, आणि या टाइल्सना हवे असतात साधारण ३८० नॅनोमीटरच्या खालचेच किरण. म्हणजे महिनाभर पाणी नुसतं गोल गोल फिरत होतं आणि आम्ही समाधानात होतो की साफ होतंय!! त्याने मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे थेंब टाकून दाखवलं, शीट असताना दुपारपर्यंत निळं ते निळंच, शीट काढल्यावर पाणी फिकं होत होत संध्याकाळी जवळजवळ पांढरं. वर्कशॉपला फोन केला, ते आले, शीट काढून खिडकीची साधी काच बसवून दिली, पैसे घेतले नाहीत, माफी पण मागितली. चांगलं वाटलं. पण मला राग याचा आला की हे त्यांना आधी माहीत असायला हवं होतं, हाच तर त्यांचा धंदा आहे, आणि ज्यांच्याकडे केमिस्ट्रीवाला भाचा नाही त्यांच्याकडे ती शीट अजून तशीच असेल. म्हणून घेणार असाल तर झाकण काचेचंच मागा.

दुसरं, ते मिथिलीन ब्लूचं. वर्कशॉपमध्ये गेलात तर तुम्हालाही तेच दाखवतील, निळं पाणी उन्हात पांढरं होतं आणि बघणारा खूश. ट्रे चालू आहे की बंद एवढं समजायला ते ठीक. पण निळा रंग गेला म्हणजे क्लोरपायरीफॉस गेलं असं नाही, दोन्ही रेणू वेगळे. उलट क्लोरपायरीफॉस अर्धवट तुटलं तर त्यातून ऑक्सॉन नावाचं रूप निघू शकतं जे मूळ दवाईपेक्षा जास्त विषारी, मॅलाथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाचंही तसंच मॅलाऑक्सॉन. म्हणून आम्ही लॅबमध्ये दिलं. भाच्याचा हट्ट की बाटल्या तीन हव्यात, एक धुतल्या धुतल्या भरलेली, दुसरी दोन दिवस ट्रेमध्ये फिरवलेल्या पाण्याची, आणि तिसरी तेच पाणी तेवढाच वेळ तशाच उन्हात पण साध्या टाइल्सवरून फिरवलेलं. ही तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण काही दवाई नुसत्या उन्हानेच तुटते, काही उडून जाते, काही टाइलला आणि पाइपला चिकटते, आणि श्रेय सगळं नॅनोला. तपकिरी काचेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरून, हवा न ठेवता, थर्माकोलच्या डब्यात बर्फात, त्याच दिवशी पोचवल्या. लॅबचं बिल ट्रेच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढं झालं, पण त्याशिवाय मी हे लिहिलंच नसतं.

रिपोर्ट आला. साध्या टाइल्सवाल्या पाण्यात क्लोरपायरीफॉस तिसऱ्या हिश्शाने कमी झालं होतं. झिंकच्या टाइल्सवाल्या पाण्यात मूळच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी उरलं होतं. मला खरंच खूप आनंद झाला, मी फोनवर दादांना वाचून दाखवलं. पण तो उरलेला हिस्साही ३० मायक्रोग्रॅमच्या बराच वर होता, आणि ऑक्सॉन आणि टीसीपी (क्लोरपायरीफॉस तुटल्यावर निघणारं) त्या लॅबच्या यादीतच नव्हतं. म्हणून हे पाणी विहिरीकडे जाऊ द्यायचं नाही, जनावरांना पाजायचं नाही. आम्ही ते विहिरीपासून लांब, दुसऱ्या टोकाच्या बांधावर गवतात सोडतो. पूर्वी जे भेगेत जात होतं त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी आणि तेही लांब, माझ्यासाठी हा फरक मोठा आहे.

आता लिंबू चोळण्याची गोष्ट सांगते, कारण ही चूक तुमच्याकडूनही होणार. आपल्याकडे पाणी जड. दोन-तीन महिन्यांत टाइल्सवर पांढरा थर चढला, बादलीवर चढतो तसा. वहिनींनी मनापासून स्वच्छता केली, लिंबू चोळून, नारळाच्या शेंड्यांनी घासून टाइल्स लखलखीत केल्या. मी गेले तर मला दाखवायला बोलावलं. आणि टाइल्स अगदी कोऱ्या, बाजारातून आणलेल्या दिसत होत्या तशा. झिंक ऑक्साइड आंबटात विरघळतं, लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर काहीही नको, थरासकट नॅनो पण धुऊन जातं. वहिनी रडवेल्या झाल्या, मी म्हटलं तुमची काय चूक, सोबत आलेल्या कागदावर एक ओळ नाही याबद्दल. नऊ टाइल्स बाद झाल्या, त्या विकतच आणाव्या लागल्या. आता आम्ही दर वेळी काम झालं की पावसाचं साठवलेलं पाणी दोनदा फिरवतो आणि मऊ ब्रश, बस. याच कारणासाठी टाइल्समधून थोडं झिंक पाण्यात उतरत राहतं, उन्हाने सुद्धा उतरतं, पिण्याच्या पाण्यात झिंक लिटरला ५ मिलीग्रॅमपर्यंत मान्य आहे पण आपण हे पितच नाही आहोत. टायटॅनियमच्या टाइल्स असत्या तर हे लिंबाचं प्रकरण झालंच नसतं, त्या महाग पडतील असं भाऊ म्हणतात, मी म्हणते दोन्ही ठेवा आणि लोकांना ठरवू द्या.

जड पाण्याचा आणखी एक त्रास, त्यातले बायकार्बोनेट क्षार हायड्रॉक्सिल रॅडिकलला आधीच गिळून टाकतात. म्हणून पंप धुवायलाही आम्ही आता छपराचं पावसाचं पाणी ठेवलंय, निदान चण्याच्या हंगामापुरतं. आणि ते जे दुधाळ असतं ना ईसीवाल्या दवाईचं पाणी, ते तसंच ट्रेमध्ये घालू नका, प्रकाश आतच जात नाही, चौपट पातळ करून घाला, माती असेल तर आधी कपड्याने गाळा.

सगळ्यात मोठी अडचण तर ट्रेची नाहीच, आकाशाची आहे. आपल्या माळव्यात जास्तीत जास्त फवारणी होते सोयाबीनवर, इल्ली (अळी) पडली की जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हाच आठ-आठ दिवस ऊन नाही. पहिल्या पावसाळ्यात मी अगदी हताश झाले होते, ड्रमात पाणी साठतंय आणि ट्रेची मोटर फिरायला तयार नाही. मग भाच्याने दुसरी गोष्ट शोधली. स्वीडनमध्ये १९९३ पासून शेतकरी एक खड्डा करतात, त्यात गव्हाचं काड, माती आणि पीट (दलदलीतला कुजलेला पालापाचोळा) मिसळून भरतात, पंपाचं पाणी त्यावर टाकतात आणि आतली बुरशी, जिवाणू दवाई हळूहळू खातात. उन्हाशी देणंघेणं नाही. आम्ही पीटच्या जागी शेणखत घेतलं, तळाला जाड प्लास्टिक घातलं, वरून पत्रा, म्हणजे पाऊस भरून वाहू नये. पावसाळ्यात खड्डा, दिवाळीनंतर ट्रे, अशी आता आमची पद्धत बसली आहे. वर्कशॉपवाल्यांना हे सांगितलं तर धाकटा भाऊ थोडा नाराज झाला, पण ग्राहकाला खरं सांगितलं पाहिजे की हा ट्रे आपल्याकडे वर्षाचे चार महिने आजारी असतो.

आणि या सगळ्याच्या आधीची पायरी फुकटची आहे, ती सोडू नका. दवाईची बाटली रिकामी झाली की तीनदा विसळायची आणि ते विसळलेलं पाणी पंपातच ओतून शेतावरच मारायचं. पंपाचं पहिलं धुणंही तसंच, कडेच्या ओळींवर मारून टाकायचं. दादांना ही सवय लागायला महिना गेला, पण आता ट्रेपर्यंत येतं ते शेवटचं पातळ पाणी, नोझल धुतलेलं, हातमोजे धुतलेलं, एका दिवसाचं पाच-सहा लिटर. म्हणूनच वीस लिटरचा कॅन पुरतो.

पिण्यासाठी काय करायचं हे विचाराल तर घरच्या पाण्यात कीटकनाशकाची शंका असेल तर चांगला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा (खास कोळशाचा) फिल्टर आणि त्यातला कार्बन वेळच्या वेळी बदलणं. कार्बन विष धरून ठेवतो, तोडत नाही, भरला की भरला. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटतं आणि दवाई दाट होते. नॅनोच हवं असेल तर आयआयटी मद्रासच्या प्रोफेसर टी. प्रदीप यांच्या गटाचं काम आहे, चांदीच्या नॅनोकणांवर कीटकनाशक तोडणारा फिल्टर, तो २००७ मध्ये बाजारात आला होता, त्याला ऊन लागत नाही. माझ्या ट्रेची त्याच्याशी बरोबरीच नको.

किंमत मला साडेअकरा हजार पडली, पॅनेल आणि मोटर धरून, नऊ टाइल्सचे वेगळे नऊशे. सर्व्हिस चांगली, फोन उचलतात, दुसऱ्या दिवशी माणूस येतो. छापील माहिती फार कच्ची, त्यात झाकण, लिंबू आणि पावसाळा या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत, मी लिहून दिल्यात, छापतील म्हणाले. पाचापैकी साडेतीन. एकट्या शेतकऱ्याला महाग वाटेल, पण चार-पाच शेजाऱ्यांत मिळून एक घेतला तर सहज परवडतो, आमच्याकडे आता शेजारचे दोघे त्यांचं पाणी कॅनमध्ये भरून आणतात.

चण्याची फवारणी डिसेंबरात आहे. ऑक्सॉन आणि टीसीपी दोन्ही तपासणारी लॅब भाच्याने शोधून ठेवलीये, या वेळी ट्रेसोबत खड्ड्याखालच्या मातीचा नमुना पण देणार आहोत आणि विहिरीच्या पाण्याचा सुद्धा. विहिरीचा रिपोर्ट काय येतो याची मला धास्ती आहे. तपकिरी बाटल्या वहिनींनी धुऊन ओसरीवर उलट्या घालून ठेवल्यात.